मामांच्या गोळीचं दुसरं काम

आमच्या असोद्याच्या मामांनी जगातली एकही वस्तू एकाच कामावर निवृत्त होऊ दिलेली नाही. ठिबकच्या जुन्या नळ्यांवर त्यांचे कपडे वाळतात, केळीच्या घडाला घालायची निळी पिशवी पावसात त्यांच्या डोक्यावर असते, आणि माझ्या लग्नातला कोट, जो मी मोठ्या विश्वासानं त्यांच्याकडे ठेवला होता, तो गेली तीन वर्षं मक्यात उभा राहून पाखरं हाकलतो. मी चिडलो तर म्हणाले, "तुह्या लग्नात एकच दिवस राबला तो. आता कुठं कामाले लागला." कप्पाळ माझं!

मामीला कॅन्सर निघाला आणि जळगावला केमो सुरू झाली, तेव्हा मात्र मामांना काही सुचेना. मग एका संध्याकाळी ते मोबाइल नाचवत आले. सुजेवरची जुनी औषधं केमोच्या जोडीला देऊन बघताहेत, अशी बातमी होती. "पाह्य, डॉक्टर लोक माह्या वाटेवर आले." आणि मामांची गुडघ्याची गोळी नेमकी सुजेवरचीच.

त्या दिवसापासून धन्य माणसानं ती गिळणं बंद केलं आणि मामीसाठी सुपारीच्या डबीत साठवायला घेतली. गुडघा टम्म फुगला, मामा लंगडू लागले. विचारलं की पायात काटा भरला म्हणत. पुढच्या केमोला त्यांनी ती डबी डॉक्टरबाईंच्या टेबलावर प्रसादासारखी ठेवली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, त्याचा अजून अभ्यास चालू आहे. आणि यांच्या प्लेटलेट्स आधीच कमी आहेत, या गोळीनं कुठं रक्त वाहिलं तर थांबायचं नाही. तुम्हाला दिलीय, तुम्हीच घ्या."

मामांचा चेहरा इतका उतरला की मीच ती डबी उचलून मामीच्या हातात दिली. मामी तेवढी हसली. "त हा होता व्हय तुमचा काटा?" बाहेर बाकावर तिनं त्यांना पिशवीतली भाकर खायला लावली आणि डबीतली एक गोळी तळहातावर ठेवली. "घ्या मुकाट्यानं. तुमचा गुडघा चालला त मले जिना चढता येईन."

तेव्हापासून केमोच्या दिवशी मामा आधी भाकर खातात, मग गोळी घेतात, आणि मामीचा दंड धरून एकेक पायरी चढतात. भेटेल त्या नर्सला सांगतात, "हे बी केमोच्याच जोडीचं औषध आहे."

परवा शेवटची केमो झाली. रिपोर्ट यायचाय. डबी रिकामी पडली होती, म्हणून मी थट्टेनं विचारलं, "मामा, आता हिला कोणतं काम?"

मामा ओट्यावर बसलेल्या मामीकडे बघत राहिले. "राहू दे तशीच," म्हणाले. "सध्या काही सुचत नही."