मंदारच्या गाण्यावर टाळ्या पिटणाऱ्यांनो

काय मंडळी, आज बडोद्यात हरणीला मजा आली ना? मला नाही आली. डोकं अजून तापलंय.

मी खरं तर कोयलीच्या रिफायनरीत नोकरीचं विचारायला निघालो होतो, पण मंदार आणि जिग्नेश नवीन गाणं ऐकवणार म्हटल्यावर गाडी हरणीकडे वळवली. कॉम्प्युटरवर डान्स म्युझिक करणारी आपल्या बडोद्याची ही जोडी. त्यांच्या ढोलाच्या रिमिक्सवर आपण सगळेच नाचलोय. या वेळी ढोलच नव्हता. नुसते संथ, लांबत जाणारे सूर. माझ्या तर अंगावर काटा आला.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अल्या मंदार, ढोल क्यां गयो? लाइट गेली का?" झालं! सगळ्यांनी गरब्याच्या तीन टाळ्या सुरू केल्या आणि गाणं त्यात बुडालं.

मंदार कसनुसा हसला. "चालो, ढोल पाछो नाखी दऊं," म्हणत त्याने तिथेच त्या गाण्यावर ढोलाचा जुना ठेका चढवला. लगेच सगळे नाचायला उठले. जिग्नेश म्हणाला, "रविवारच्या प्रोग्रॅमला हेच वाजवायचं."

अरे, नाही आवडलं तर शिव्या घाला, पण आधी ऐका तरी! ते गाणं पुढे कुठे जात होतं, हे तुमच्यापैकी एकाला तरी माहीत आहे का? तुमच्या टाळ्यांमुळे मलाही नाही.