मंगळवारची गैरहजेरी

कानडी मुलखातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या मागे एक शाळा आहे, तिथे मी नोकरी करते. वर्गात शिकवत नाही. मुलांच्या घरी जायचं, तिथली अडचण समजून घ्यायची आणि मूल शाळेत टिकवायचं, हे माझं काम. मी निपाणीकडची. कानडी आणि मराठी दोन्ही घरातच शिकले, त्यामुळे मराठी घरं आपसूक माझ्या वाट्याला येतात.

सहावीतली एक मुलगी बहुतेक मंगळवारी गैरहजर असायची. वर्गशिक्षिकेनं कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पालकांचा निष्काळजीपणा'.

"तुम्ही बोललात का त्यांच्याशी?" मी विचारलं.

"ते तुमचं काम ना, मॅडम?"

मी गेले. वर पत्रा असलेली एक खोली. लातूरकडची माणसं, तीन वर्षांपूर्वी आलेली. वडील लेथवर कामाला, हिंदीवर भागवणारे. आईला मराठीशिवाय काहीच येत नव्हतं. तिच्या अंगावरून फार जात होतं, चेहरा पांढराफटक पडला होता. सरकारी दवाखान्यात बायकांच्या त्या तपासणीचा वार मंगळवार, आणि तिथे बोलायला शाळेत कानडी शिकलेली मुलगी लागायची.

"मी काय करू, ताई," आई म्हणाली. "डॉक्टरीणबाई काय बोलतात ते मला उमजत नाही. ही सोबत असली की सगळं सांगते."

अकरा वर्षांची पोर आईच्या पाळीविषयी डॉक्टरांशी बोलत होती. मुलगी कोपऱ्यात पुस्तकांना कव्हरं घालत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "खाडा होतो, मॅडम. आणि बायकांच्या विभागात मला दारातच थांबवतात." दवाखान्याच्या मदत कक्षात जाऊन मराठी बोलणारं कुणी मिळेल का विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "प्रत्येकाबरोबर घरचं कुणीतरी येतंच की." मुख्याध्यापिकांकडे गेले, तर त्यांनी शांतपणे सांगितलं, "आपण शाळा चालवतो, दवाखाना नाही." तिघांचंही बोलणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि मंगळवार पुन्हा आला होता.

मी अर्धा दिवस रजा टाकली, मुलीला वर्गात बसवलं आणि तिच्या आईला घेऊन दवाखान्यात गेले. दोन तासांनी नंबर लागला.

केसपेपर उघडत डॉक्टर कानडीत म्हणाल्या, "मग ऑपरेशनचं काय ठरलं? तीनदा सांगून झालं, पिशवी काढावी लागेल."

मी आईला तसंच मराठीत सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "कसलं ऑपरेशन? गोळ्या चालू ठेवा म्हणालेत ना?"

मी केसपेपर मागून घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'नातेवाईक ऑपरेशनला तयार नाहीत.'

"हे नातेवाईक म्हणजे कोण?" मी विचारलं.

डॉक्टर थोड्या ओशाळल्या. "ती मुलगी चांगली बोलायची. घरच्यांनी शिकवून पाठवलंय असं वाटलं." बाहेरची रांग जिन्यापर्यंत गेली होती. त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला माझ्या खोलीत बोलावलं.

"आईला तू काय सांगायचीस?"

"गोळ्या घ्या म्हणतात."

"आणि डॉक्टरांना?"

"आई म्हणते, स्वल्प दिवस थांबू या." 'थोडे'ऐवजी तिच्या तोंडी कानडी 'स्वल्प'च आलं. मग ती म्हणाली, "आमच्या शेजारच्या काकू ऑपरेशनला गेल्या होत्या. परत आल्याच नाहीत." आणि लगेच, "तुम्ही आईला सांगितलं?"

"सांगितलं."

ती उठली आणि न विचारताच निघून गेली.

आईच्या अंगात रक्त इतकं कमी होतं की आधी ते चढवावं लागलं. महिन्याभरानं ऑपरेशन झालं. प्रत्येक वेळी मी गेले, आणि प्रत्येक वेळी माझी रजा कापली गेली. वर्षअखेरच्या अहवालात मी दवाखान्यातल्या भाषेच्या अडचणीवर एक पान लिहिलं. मुख्याध्यापिकांनी ते काढायला लावलं. म्हणाल्या, "हे आपल्या कक्षेतलं नाही." मी वाद घातला, आवाजही चढवला. पान गेलंच.

आई बरी झाली. पण तिला उठता येईपर्यंत मुलीनं घर सांभाळलं, म्हणजे आणखी तीन आठवडे गैरहजेरी. हजेरी कमी भरली, म्हणून वर्गशिक्षिकेनं तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. ते मला दोन दिवसांनी कळलं.

आता ती रोज येते, मंगळवारीही. माझ्याशी मात्र बोलत नाही. व्हरांड्यात मी दिसले की पलीकडच्या जिन्यानं जाते. परवा आईनं तिच्या हाती शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पाठवला होता. तिनं तो माझ्या टेबलाच्या कडेला ठेवला.

"जरा बस की," मी म्हणाले.

"गणिताचा तास आहे, मिस," ती म्हणाली आणि गेली.