पाहुणा एका बाजूला

"आधी पाहुणा कोण ते ठरवू," असं म्हणत ती पदर कमरेला खोचायची आणि मगच पेन्सिल उचलायची. पाहुणा म्हणजे क्ष. गणितात जो माहीत नाही, तो तिच्या लेखी दारात उभा राहिलेला अनोळखी माणूस.

शहरातल्या गारखेडा भागात माझ्या घरी मी दहावीला बाहेरून बसणाऱ्या बायकांचा वर्ग घेते. त्यातलीच ती एक. जवळच्या बालवाडीत मुलं सांभाळायची. नवरा गेल्यावर सासरचं गाव सोडून शहरात आली होती. परत जायचं तर अंगणवाडीची सेविका होऊनच, हे तिनं ठरवलेलं. त्या वाटेवरची पहिली पायरी दहावी. बाकीचे विषय सुटले होते, गणित राहिलं होतं.

समीकरण तिला लवकर उमगलं. "पाहुणा एका बाजूला बसवायचा, घरची मंडळी दुसऱ्या." बाजू बदलल्यावर चिन्ह का बदलतं, असं शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "आमच्या दिरासारखं. आपल्या ताटावर बसला की लई गोड, पलीकडच्या आळीत गेला की उलटं बोलतो."

हा दीर शहरात आला की डोकावायचा. एकदा वर्ग चालू असतानाच दारात उभा राहिला. "वहिनी, या वयात पाटी-दप्तर? गावात लोक हसायलेत."

"हसू द्या, भावजी," ती मान वर न करता म्हणाली. "बसायचं तर बसा, नायतर उजेड सोडा."

पुस्तकातल्या उदाहरणांशीही ती भांडायची. दोन नळांनी टाकी किती वेळात भरेल? "आमच्या गल्लीत एका नळाचा पत्ता नाय, दोन कुठले? पाणी कोणत्या वारी येतं ते लिहिलंय का?"

"नाही लिहिलेलं. सोडवा," मी म्हणायचे. ती सोडवायची.

अडायचं भलतीकडंच. आईचं वय मुलीच्या तिप्पट, दोघींच्या वयांची बेरीज अठ्ठेचाळीस, तर आईचं वय किती? ती मुलीला क्ष मानायची, बारा काढायची आणि खुशाल सगळ्यांसाठी चहा ठेवायला उठायची. पाहुण्याची ओळख पटली की चहा टाकायचा, ही घरची रीत तिनं गणितातही नेली होती. त्यापायी ती एकदा थोडक्यात नापास झाली होती.

"आई बारा वर्षांची का?" मी विचारायचे.

"ऱ्हायलंच की ओ, बाई."

शेवटी मी चहा बंद केला. उत्तर आलं की प्रश्न पुन्हा मोठ्यानं वाचायचा, मगच चूल. तिनं ते इतकं अंगी लावून घेतलं की भाजीवाल्यालाही मध्येच थांबवून म्हणायची, "मी काय विचारलं होतं?"

दुसऱ्या खेपेच्या पेपराला मी केंद्राबाहेर उभी होते.

"पाहुणा सापडला?"

"सापडला. मग परत वाचलं. विचारला होता दुसराच. त्याला पण लिहून आले."

ती पास झाली. पुढे बारावीही झाली आणि देवगाव रंगारीजवळच्या तिच्या सासरच्या गावात अंगणवाडी मिळाली. तुम्हाला वाटेल माझा ऊर वगैरे भरून आला. मी तिला वेळेवर स्टँडवर पोहोचवलं, एवढंच.

तिथं दीर आधीच हजर होता. तिची ट्रंक स्वतः एसटीत चढवत होता आणि कंडक्टरला बजावत होता, "सावकाश. सेविकाबाईंचं सामान आहे."

ती माझ्या कानाशी आली. "बघा बाई, बाजू बदलली." आणि पदर कमरेला खोचून बसमध्ये चढली.

वर्गात आता चहा मीच ठेवते. प्रश्न पुन्हा वाचून झाल्यावर.