चार, एच, एंटर

दुष्काळाच्या त्या वर्षांत शहरात थंडगार अशी एकच जागा मला ठाऊक होती, आणि तिची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. पाण्याच्या टँकरच्या कचेरीतली ती काचेची खोली. आत एक मोठं यंत्र, त्याला गारवा लागे म्हणून एसी, आणि भिंतीतून बाहेर गेलेल्या वायरींच्या टोकाला सात टेबलांवर सात टर्मिनल. टर्मिनल म्हणजे काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि कीबोर्ड. माउस नाही की चित्रं नाहीत. लोक त्या खोलीच्या दारात चपला काढत. मी त्यांना कधी अडवलं नाही. आपल्या दारात कुणी चपला काढतंय, हे पंचविशीत कुणाला नको असतं?

यंत्राची देखभाल माझ्याकडे होती. त्याला इंग्रजी आज्ञा टंकून द्याव्या लागत आणि एक ठिपका चुकला की ते गप्प बसे. त्यामुळे प्रिंटर अडकला की "मॅडम!", कुणी पासवर्ड विसरलं की "मॅडम!" माझा चहा रोज निवायचा. शेवटी वैतागून मी एक मेनू लिहिला. पडद्यावर एकाखाली एक कामं आणि प्रत्येकापुढे आकडा. आकडा दाबा, काम होईल. पडद्यावर देवनागरी उमटत नसे, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एक म्हणजे यादी उघडा. चार म्हणजे अडकलेला प्रिंटर सोडवा. सात म्हणजे दिवसभराच्या कामाची टेपवर नक्कल घ्या. जशी अडचण आली तसा पुढचा आकडा देत गेले. काही उलटसुलट व्हायला नको, म्हणून जवळजवळ प्रत्येक कामाआधी यंत्र विचारायचं, "नक्की?" मग 'हो'चा एच दाबून एंटर मारायचा. ह्या "नक्की?"चा मला कोण अभिमान!

मेनूवर सगळ्यांत छान हात बसला तो काकूंचा. त्या कन्नडहून रोज एसटीने यायच्या. वयाने माझ्या आईएवढ्या, नवऱ्याच्या जागेवर नोकरीला लागलेल्या. कुठल्या गावाला उद्या टँकरच्या किती खेपा, ती यादी त्यांच्या हाताखालून जायची. कन्नड-पिशोरकडची गावंही त्यात आणि शहराच्या कडेने उगवणाऱ्या नव्या कॉलन्याही. पडद्याकडे न बघता त्या टंकायच्या. समोर उभ्या माणसाशी बोलत असायच्या आणि बोटं खाली आपलं काम करत असायची. मला वाटायचं, बाईंना वाचायचा कंटाळा आहे.

मग मला पुण्याला चार दिवसांच्या शिबिराला धाडलं. तिथून मी पंडित होऊन परतले. आपला मेनू म्हणजे नुसता उकिरडा, असं मला वाटायला लागलं. यादीची कामं एकत्र हवीत, छपाईची एकत्र, यंत्राच्या तब्येतीची एकत्र! शनिवारी सगळे घरी गेल्यावर मी आकडे नव्याने मांडले. पडद्याच्या माथ्यावर सूचनाही टाकली. ती बहुधा मी एकटीनेच वाचली.

पहिले तीन आकडे जागचे हलले नव्हते, म्हणून सोमवार सुरळीत गेला. मंगळवारी दुपारी प्रिंटरमध्ये कागद अडकला. काकूंनी कागद ओढून काढला आणि सवयीने चार, एच, एंटर दाबलं.

माझ्या नव्या मांडणीत चार म्हणजे नव्या हंगामासाठी यादी कोरी करा.

"मॅडम," काकू म्हणाल्या, "यादीत कायबी नाय."

मी धावत गेले. पडद्यावर नुसती चौकट, आत अंधार. "काकू, यंत्राने विचारलं असेल ना, नक्की का म्हणून?"

"ते तर रोजच इचारतंय. रोज व्हय म्हणते, आजच नाय कशी म्हणू?"

मी मान वर करून भिंतीकडे बघितलं. 

चार वाजता छापील यादी टँकरवाल्यांच्या मुकादमाच्या हातात पडायची आणि पहाटे टँकर त्याबरहुकूम निघायचे. यादीत नाव नाही, त्या गावाला पाणी नाही. घड्याळात दोन वाजले होते. मी म्हटलं, कालची टेप आहे, घाबरायचं कारण नाही. टेप लावली तर तिच्यावर शनिवार! सोमवारी संध्याकाळी काकूंनी नेमाने सात दाबला होता, आणि माझा नवा सात नुसता डिस्क किती भरलीय ते सांगून गप्प बसत होता. कचेरीचे साहेब बदलांच्या अर्जांच्या चिठ्ठ्या घेऊन जीपने तपासणीला गेलेले, म्हणजे कागदावरही काही नाही. त्या खोलीतल्या गारव्यात मला दरदरून घाम फुटला.

शनिवारपर्यंतची यादी टेपवरून परत आली. गावांची नावं पडद्यावरून सरसर वर सरकताना मी हात जोडायचेच बाकी होते. पण सोमवार आणि मंगळवार सकाळचे बदल गेले ते गेलेच. किती होते? काकूंनी बोट दाखवलं. प्रत्येक बदलाला त्या टेबलाच्या काठावर पेन्सिलीने एक रेघ ओढायच्या, दर सोमवारी जुन्या पुसून. एकवीस रेघा.

"तुम्ही बसा, मी बोलते," काकू म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "पिशोरच्या अलीकडची वस्ती. दोनाच्या तीन खेपा करा. तो बाबा बस म्हटलं तरी बसला नाय, उभ्यानंच बोलला. घरी लेक बाळंतपणाला आलीय. त्याच्यानंतरचं टेकावरचं गाव. टाकीला भेग पडलीय, पाणी हिरीत सोडा. पडेगावची नवी कॉलनी, एक खेप कमी. बोअरला पाणी लागलंय त्यांच्या."

"कुठली कॉलनी?"

"शाळेच्या मागची."

ती माझीच कॉलनी. मी मुकाट्याने एक खेप कमी केली. घरी बादल्या मोजून नाहत होतो, आणि बोअरची बातमी मला कचेरीत कळत होती!

मी टंकत होते आणि ऐकत होते. माझ्या यादीत गावापुढे एक आकडा असायचा. काकूंच्या यादीत त्या आकड्याला तोंड होतं, कुणाच्या हातात काठी होती, कुणी बोलताना रडलं होतं. एवढं सगळं ह्या बाईंनी ठेवलं कुठे? डिस्क किती भरली ते सांगणारा मेनू लिहिणारी मी, तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत राहिले.

वीस झाले. एकविसावा येईना.

काकूंनी डोळे मिटले, उघडले; मग त्या पाणी प्यायल्या. साडेतीन वाजले. "कुणाचं तरी पाणी माझ्यापाशी अडकलंय," त्या म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही उठा. मला माझ्या जागी बसू द्या."

मी उठले. त्या खुर्चीत सावरून बसल्या आणि मंगळवारची सकाळ पहिल्यापासून टंकायला लागल्या. यादी बंद होती, पडदा कोराच. बोटं मात्र चालत होती. टंकताना ओठही हलत होते. एका ठिकाणी डावा हात आपोआप कीबोर्डावरून उठला आणि फोनकडे गेला.

"इथं फोन वाजला!" काकू ओरडल्या. "घाटाकडची मेंढपाळांची वस्ती! नवीन नाव, यादीत नव्हतंच ते कधी. एक खेप."

मी यंत्राला हुशार समजत होते, आणि ही बाई आपल्याच हाताला विचारून उत्तर आणत होती.

चारला पाच मिनिटं असताना यादी छापून झाली. ती मुकादमाच्या हातात ठेवल्यावर मी आधी जुने आकडे जागच्या जागी आणले. यादी कोरी करण्याला शेवटचा आकडा दिला, आणि तिथे एच चालेना, 'कोरी' हा अख्खा शब्द टंकावा लागे. पुढे कितीतरी वर्षं तो मेनू मी सांभाळला, वाढवला, पण दिलेला आकडा पुन्हा हलवला नाही. नवे इंजिनियर हसायचे. मी हसू द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. मी उचलला तर कन्नडच्या एसटीडी बूथवरून एक माणूस, मेंढपाळांच्या वस्तीवरचा.

"टँकर नाही आला का?" मी विचारलं.

"आला की! पण पाणी वतावं कशात? आमच्याकडं हौद नाय. पिपं धाडा."

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. "किती पिपं?" त्यांनी विचारलं. मान खांद्याला लावून फोन धरलेला, डोळे खिडकीबाहेर, बोटं चालू. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि बघत राहिले.

पलीकडून तो विचारत होता, उद्या परत नाव सांगावं लागंल का.

"नाय," काकू म्हणाल्या. "आता बसलं हातात."