हवालदार कोणाकडे पाणी पितो

बायकोबरोबर एक्कावन्न वर्षं संसार केला, पण तिलाही हे ठाऊक नव्हतं. ती गेली तेव्हा वाटलं — चला, आता सांगण्यासारखं कुणी उरलंच नाही, सुटलो. सुटलो कुठला! तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांपुढे अजून जीभ उचलत नाही.

आमच्या सोसायटीत मी अभ्यासू काका. जगात कुठे खुट्ट झालं की मला खालच्या हॉलमध्ये बोलायला बसवतात. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या की आपल्या पोरांच्या नोकऱ्या का जातात, आखातात तेल महागलं की दादरच्या बाजारात मेथीची जुडी का महागते — सगळं सांगतो. शहरात बॉम्बस्फोट झाले तेव्हा दहशतवादावर बोललो. चांगला पाऊण तास. म्हटलं, दहशतवादाला बॉम्बच लागतो असं नाही. निरपराध माणसाला त्याच्याच दारात भीती वाटायला लावली, की झाला दहशतवाद. टाळ्या पडल्या. हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलो असं वाटलं असेल त्यांना?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी विशीतला. भोईवाड्याच्या चाळीत राहायचो, गिरणीत कापडाच्या घड्या घालायचो. नाइट स्कूलमधून मॅट्रिक झालेलो, त्यामुळे डोक्यात वारं शिरलेलं. अक्षर मात्र खरंच देखणं, म्हणून चाळीचा फळा माझ्याकडे आला. नळाजवळच्या भिंतीवर तो काळा फळा ठोकलेला. पाळी सुटून आलो की हातपाय धुऊन मी त्यावर बातम्या लिहायचो — सभा कुठे, मोर्चा कधी, गोळीबार कुठे झाला. ज्यांना वाचता येत नसे त्यांना कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. फळ्यावर आलं म्हणजे खरंच, असं सगळी चाळ धरून चालायची.

आणि बातम्या यायच्या कुठून? रतनशेठच्या रेडिओतून. चाळीसमोरच्या बैठ्या घरात या कच्छी माणसाचं वाणसामानाचं दुकान होतं. अख्ख्या चाळीला रेडिओ तो एकच. रतनशेठ मला तांदळाच्या पोत्यावर बसवायचा, मास्तर म्हणायचा, आणि बातमी संपली की समजावून सांगायचा. सुएझचा कालवा बंद पडला तेव्हा म्हणाला, मिसरचा कापूस दर्यात अडकला म्हणजे इथे परळात पाळी बंद. बसऱ्याचा खजूर हातावर ठेवून म्हणायचा, याने तुमच्यापेक्षा जास्त दुनिया बघितली, मास्तर. आज मी जागतिक अर्थव्यवस्था म्हणून जे काही बडबडतो ना, त्याची बाराखडी त्या पोत्यावर गिरवलेली आहे. हे तरी कधी सांगितलं का कुणाला? नाही.

कालव्याचं मी फळ्यावर लिहिलं. अगदी स्वतःच्या अकलेनं सुचल्यासारखं. आमच्या दुसऱ्या माळ्यावरचा शांताराम, विणकर आणि युनियनमधला मोठा माणूस, त्यानं चारचौघांत माझी पाठ थोपटली. म्हणाला, पोरानं जग वाचलंय. रतनशेठ साखर तोलत होता. तिथूनच हसत म्हणाला, मास्तरचं जग आमच्या रेडिओतून निघतं, आम्ही बोलतो, तो लिवतो. सगळे खो-खो हसले. खोटं काय होतं त्यात? काही नाही. मनात काळंबेरं होतं का त्याच्या? तेही नाही. पण तेव्हापासून चाळीतली माणसं मला 'ए रेडिओ' म्हणून हाक मारायला लागली, आणि माझ्या अंगाची नुसती आग व्हायची.

आठवड्याभरानं शांतारामला पोलीस घरातून घेऊन गेले. चाळ धुमसत होती — कुणी दाखवलं घर? कुणी फितुरी केली? मी खडू घेतला. सगळ्या बातम्यांच्या खाली, माझ्या त्या देखण्या अक्षरात, एक ओळ लिहिली. 'हवालदार रोज कोणाकडे पाणी पितो?'

बस्स, एवढंच. नाव नाही, आरोप नाही. हवालदार रतनशेठकडे पाणी प्यायचा, हे खरंच होतं. पोस्टमन प्यायचा, आम्हीही प्यायचो. मला पक्कं ठाऊक होतं की या माणसाचा त्या अटकेशी काडीचा संबंध नाही. तरी लिहिलं. ठरवून लिहिलं — उद्या कुणी विचारलं तर, मी कुठे काय म्हटलं, असं म्हणता यावं म्हणून नाव टाळलं. त्या दिवसांत तो माणूस गुजराती बोलतो एवढं पुरे होतं, पुढचं लोकांनीच जोडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानावर दगड पडायला लागले. मी धावत खाली उतरलो — कशाला माहितीये? फळा पुसायला. शर्टाच्या बाहीनं ती ओळ पुसली आणि वर आलो. समोर पोती फाडली, रेडिओ गटारात आपटला, रॉकेल ओतून काडी लावली. पोटमाळ्यावर त्याची बायको मणीबेन अडकलेली. तिला खाली ओढताना रतनशेठचा उजवा हात भाजला. माणसं सगळी आमच्याच चाळीतली, माझ्या फळ्यावर विश्वास ठेवणारी. गॅलरीतून एकदा ओरडलो असतो, ते खोटं आहे, मी लिहिलंय — तर थांबली असती. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं उरलंसुरलं हातगाडीवर चढवलं. हाताला फडकं गुंडाळलेलं. मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं,

“मास्तर, ती ओळ तुमच्या हातची होती काय? लोक बोलतात.”

“नाही शेठ,” मी म्हणालो. “माझ्यामागे कुणीतरी लिहिली.”

त्यानं मान डोलावली.

“मणीला मी तेच बोललो. मास्तर असं नाही लिवणार.”

त्याला खरंच तसं वाटलं, की मला सोडून दिलं त्यानं? मला कळलं नाही. हातगाडी गेली. ती दोघं पुन्हा कधी दिसली नाहीत, आणि मी शोधलीही नाहीत.

दहा दिवसांनी शांताराम सुटून आला. पोलिसांकडे युनियनच्या माणसांची यादीच होती, पत्त्यांसकट. दुकान का जळलं, म्हणून त्यानं विचारलं. कुणी बोललं नाही. मीही नाही. पुढे महाराष्ट्र झाला तेव्हा त्याच फळ्यावर मी रंगीत खडूनं मोठी अक्षरं काढली आणि सगळ्यांनी वाहवा केली.

दहशतवादावरच्या त्या भाषणानंतर हॉलमध्ये एका कॉलेजातल्या मुलीनं विचारलं होतं — काका, शिकलेली माणसंसुद्धा असं का करतात हो? उत्तर मला ठाऊक होतं. चारचौघांत मला हसले होते, आणि माझ्या हातात खडू होता.

मी तिला तेलाचे भाव सांगत बसलो.