शिपायाची घंटा

रझाकारांच्या धामधुमीत बंद पडलेली आमची शाळा वर्षभरानं उघडली. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी घंटा म्हणून टांगलेल्या लोखंडी रुळावर टोला हाणला आणि आमचा अख्खा आठवीचा वर्ग उठून ज्वारीत पळाला. गावावर धाड आली की असाच टोला पडायचा.

म्हाताऱ्या शिपायानं आम्हाला हाताला धरून परत आणलं. पुढं तो धोतराचा सोगा सावरत प्रत्येक वर्गाच्या दारात जाऊन सांगायचा, “बाळांनो, तास झाला.”

हेडमास्तर चिडले. “घंटा कामून वाजवंनास?”

“लेकरं दचकायलीत, साहेब. माझे पाय हायेत की.”

संक्रांतीनंतर आम्हीच शिपायाला म्हणालो, “अण्णा, आता वाजवा.” त्यानं हातोडी माझ्या हातात दिली. मी टोला हाणला. वर्गातलं कुणी जागचं हललं नाही. तो मात्र दोन्ही कान दाबून दारातच मटकन खाली बसला.