गाळ्यामागची विहीर

परवा मुलुंडला प्रधान मॅडमच्या घरी जाऊन आलो. मॅडम गेल्या त्याला आता दहा दिवस होतील… त्यांच्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही आईच्या हाताखाली होतात ना?" मी नुसतं हो म्हटलं. समोरासमोर जास्त बोलणं मला जमत नाही, म्हणून इथे लिहितोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरीच्या एका बँकेत नवा ऑफिसर, मॅडम माझ्या सीनियर. मरोळला सावंत नावाच्या गृहस्थांचा क्रोम प्लेटिंगचा गाळा होता. नळाच्या तोट्यांना चकाकी द्यायचं काम. मोठी ऑर्डर आली होती आणि दोन नव्या टाक्यांसाठी त्यांना कर्ज हवं होतं.

मी गाळा बघून आलो. मशिनरी, ऑर्डरचे कागद, कामगार… सगळं झकास. निघताना सावंतांना सांगूनही बसलो, "काम झालंच समजा." दुसऱ्या दिवशी ते ब्रँचमध्ये पेढे घेऊन हजर!

मॅडमनी माझा रिपोर्ट वाचला. "टाक्या धुतलेलं पाणी कुठे जातं रे?"

मला माहीत नव्हतं. मी गाळ्याच्या मागे गेलोच नव्हतो.

त्याच दुपारी त्या मला घेऊन निघाल्या. गाळ्यामागे उघडं गटार, आणि खाली उतारावर आरे कॉलनीच्या हद्दीला लागून एक छोटा पाडा. विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. मॅडम तिथेच कट्ट्यावर टेकल्या.

"पावसात गटार भरून वाहतं," बाई म्हणाली. "मग चार दिवस पाण्याला वास मारतो. लांबून आणावं लागतं… तुम्ही म्युनिसिपालटीच्या का?"

"नाही, बँकेच्या."

बाईला हसूच आलं. "बँकेला आमच्या विहिरीचं काय पडलंय?"

दोन टाक्या वाढल्या असत्या तर त्या विहिरीची पार वाट लागली असती… आणि शिफारशीखाली सही माझी होती.

मॅडमनी कर्ज नाकारलं नाही, अट घातली. आधी चुन्याचा खड्डा बांधायचा, त्यात अ‍ॅसिडचा जोर मोडून गाळ वेगळा काढायचा, आणि उरलेलं पाणी पक्क्या पाइपने मोठ्या ड्रेनेजला सोडायचं. खड्ड्यालाही बँक पैसे देईल. टाक्यांचे पैसे मात्र खड्डा बघितल्यावर.

सावंत भडकले. "काय मॅडम, तुमचे हे साहेब हो बोलले होते ना? माझी ऑर्डर जाईल! खड्ड्यातून मला काय मिळणार?"

"काही नाही. पण उद्या पाड्यातल्या बायका दारात येऊन बसल्या आणि गाळ्याला टाळं लागलं, तर हप्ता कोण भरणार? मी?"

मला मान वर करवेना. फॉर्ममध्ये असल्या अटीला रकानाही नव्हता. मॅडमनी वेगळा कागद जोडून स्वतःच्या हाताने ती लिहिली.

खड्डा झाला. टाक्या आल्या, ऑर्डरही थोडी उशिरा का होईना, पूर्ण झाली. तोपर्यंत मॅडमची घाटकोपरला बदली झाली होती.

श्रावणात, चार दिवस सलग पाऊस झाल्यावर, मी एकटाच पाड्यावर गेलो. विहीर स्वतः बघितल्याशिवाय चैन पडणार नव्हतं…

विहिरीवर बायकांची गर्दी होती. कळश्या भरल्या जात होत्या. त्या बाईने लांबूनच हाक मारली, "ओ बँकवाले, पाणी पिणार का?"

तांब्याभर प्यायलो. पाण्याला नुसती पाण्याची चव होती. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला!

ब्रँचमध्ये येऊन मॅडमना फोन लावला. "मॅडम, विहीर चालू आहे."

त्या म्हणाल्या, "बरं झालं रे, सांगितलंस. मलाही धाकधूक होती."

मॅडमना सगळं आधीच कळतं, असं मी धरून चाललो होतो. त्याही घाबरतच सही करायच्या… पण विहिरीवर जाऊन बसल्यानंतर. तेवढं मला नोकरीभर पुरलं.